हातही न लावलेल्या चाकूवर गंज कुठून येतो?

खिशातले घडीचे चाकू जमवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी एक कोडे पडते. मूळ डबीसकट घेतलेला, एकदाही न वापरलेला चाकू काचेच्या कपाटात मखमलीवर मांडलेला असतो. दहा-बारा वर्षांत त्याला कुणी बोटही लावलेले नसते. मग एके दिवशी तो सहज बाहेर काढावा, तर पात्यावर तपकिरी ठिपके उठलेले, पितळी पिनेभोवती हिरवट थर साचलेला आणि मुठीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फिकी पडलेली दिसते. याउलट तेवढ्याच वयाचा, रोज खिशात वागवलेला दुसरा चाकू ओरखडलेला आणि काळवंडलेला असला, तरी धडधाकट असतो.

जपून ठेवलेली वस्तू वापरातल्या वस्तूच्या आधी का बिघडावी? याचे उत्तर असे, की मांडून ठेवणे म्हणजे वस्तूला विश्रांती देणे नव्हे. वापरातला चाकू रोज उघडला-मिटला जातो, पुसला जातो, त्याला अधूनमधून तेल मिळते आणि त्याच्याभोवतीची हवा बदलत राहते. मांडलेल्या चाकूच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. तो वर्षानुवर्षे एकाच दिव्याखाली, एकाच कोंडलेल्या हवेत, एकाच कापडाला टेकून पडून असतो आणि त्या दिव्याच्या, हवेच्या व कापडाच्या अंगी जे काही बरेवाईट असेल, त्याला आपला परिणाम साधायला भरपूर सवड मिळते.

संग्राहकांना हे नुकसान विशेष जाणवते, कारण त्यांच्या व्यवहारात चाकूची किंमत त्याच्या अवस्थेवर ठरते. सर्वांत वरच्या दर्जाला ते ‘मिंट’ म्हणतात. म्हणजे कारखान्यातून निघाला तसाच, कधी खिशात न वागवलेला आणि कधी धार न लावलेला चाकू. टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपकाही त्याला या दर्जावरून खाली उतरवू शकतो.

## एका चाकूत पाच-सहा पदार्थ

आपण ‘चाकू’ असा एकच शब्द वापरतो. पण घडीचा चाकू ही एकजिनसी वस्तू नाही. पाते पोलादाचे असते. पाते उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज ज्यामुळे येतो, ती पाठीची स्प्रिंगही पोलादाचीच. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ पत्रे असतात, त्यांना लायनर म्हणतात. जुन्या चाकूंत ते बहुधा पितळेचे असतात. मुठीच्या टोकांना जी चकचकीत धातूची टोपणे दिसतात, ती बोल्स्टर. ती पुष्कळदा जर्मन सिल्व्हरची असतात, आणि नाव काहीही असले तरी या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. मुठीचे बाह्यांग हाड, सांबरशिंग, लाकूड, शिंपल्याचा चमकदार आतला थर किंवा प्लास्टिक यांपैकी कशाचेही असू शकते. हे सगळे बारीक पिनांनी एकमेकांना कायमचे जखडलेले असते.

खरी अडचण या जखडण्यात आहे. एका घरात वेगवेगळ्या प्रकृतीची माणसे राहतात, तेव्हा एकाला पंखा हवा असतो आणि दुसऱ्याला त्याच वाऱ्याने सर्दी होते. चाकूच्या घटकांचे तसेच आहे, फरक एवढाच की त्यांना खोली बदलता येत नाही. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी चांगली. हाडाला आणि शिंगाला मात्र फार कोरडी हवा सोसत नाही. त्यांच्यातला ओलावा निघून गेला की ती आक्रसतात, पण पिना जागच्या हलत नाहीत, म्हणून तडा जवळजवळ नेहमी पिनेपासून सुरू होतो. रंगवलेल्या हाडाला प्रकाश बाधतो, पोलादाला तो मुळीच बाधत नाही. त्यामुळे चाकूसाठी सर्वांत चांगली हवा असे काही नसते, तडजोडीची हवा असते.

## गंजाला पाणी दिसावे लागत नाही

लोखंडाला गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात हे आपण शाळेत शिकतो, आणि पाणी म्हटले की डोळ्यांसमोर थेंब येतो. प्रत्यक्षात थेंबाची गरज नसते. दमट हवेत धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा तयार होतो आणि गंजाला तेवढा पुरतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते तिच्या किती टक्के वाफ सध्या आहे याचे माप, साधारण ६० टक्क्यांच्या वर गेले की स्वच्छ पोलादही झपाट्याने गंजू लागते. पृष्ठभागावर क्षार असतील, तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते, कारण क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. बोटाचा ठसा म्हणजे घाम, त्यातले मीठ आणि थोडे आम्ल यांचा बारीक नकाशाच. पाहुण्याला चाकू दाखवला, कौतुकाने पात्यावरून बोट फिरले आणि चाकू तसाच कपाटात परत गेला, की काही आठवड्यांनी त्या बोटाच्या रेषा पात्यावर तपकिरी रंगात उमटतात. ‘हातही न लावलेला चाकू’ असे आपण म्हणतो, तेव्हा शेवटचा हात लागल्यावर तो पुसला होता का, हे सहसा आठवत नाही.

आता काचेच्या कपाटाकडे पाहू. कपाट बंद असले म्हणजे आतली हवा सुरक्षित, असा समज असतो. समजा, दिवसभर आतला दिवा चालू राहिल्याने कपाटातले तापमान ३० अंश सेल्सिअस झाले आणि आर्द्रता ५० टक्के आहे. हा आकडा अगदी निरुपद्रवी वाटतो. रात्री दिवा बंद होतो आणि तीच हवा २० अंशांपर्यंत थंड होते. बाहेरून वाफेचा एक कणही आत आलेला नाही. पण थंड हवेत वाफ कमी मावते, त्यामुळे त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ९० टक्क्यांवर जाते. मखमल किंवा लाकूड त्यातला काही ओलावा शोषून घेईल, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी भरेल. तरी दिशा तीच राहते. शिवाय हवा तापली की फुगून फटींतून बाहेर जाते आणि थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. थोडक्यात, कपाट दिवसातून एकदा श्वास घेते, आणि बाहेर दमट हवा असेल तर तीच आत येते. अशा रात्री वर्षाकाठी तीनशे पासष्ट.

यावर महागडी यंत्रणा लागत नाही. दिवा कपाटाच्या बाहेर ठेवावा, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि हवेतला ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वेळच्या वेळी गरम करून कोरड्या कराव्यात. स्वस्त आर्द्रतामापक बरेचदा चुकीचा आकडा दाखवतात. मीठ पाण्याने जेमतेम ओले करून, मापकासह हवाबंद पिशवीत काही तास ठेवले तर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक किती चुकतो हे त्यावरून कळते. हाडाची किंवा शिंगाची मूठ असलेल्या चाकूंसाठी ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपासची, चढउतार न होणारी आर्द्रता ही व्यवहार्य तडजोड आहे. सिलिका जेलचा ढीग ठेवून कपाट वाळवंटासारखे कोरडे केले तर पाते वाचेल आणि मूठ तडकेल.

## शेजाऱ्याचा उपद्रव: सेल्युलॉइड

जुन्या चाकूंच्या संग्रहात सर्वांत जास्त नासधूस करणारी गोष्ट ओलावा नसून एक प्लास्टिक असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. सेल्युलॉइड हे कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून आणि त्यात कापूर मिसळून बनवलेले, व्यापारी यश मिळालेले सुरुवातीचे प्लास्टिक. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास ते बाजारात आणले. त्याला हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला अशा कशाचेही रूप देता येई आणि गोड रंगांच्या लाटाही उमटवता येत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चाकूंच्या मुठींसाठी ते भरपूर वापरले गेले. आज तेच रंगीत चाकू संग्राहकांना सर्वाधिक मोह घालतात.

सेल्युलॉइडचे दुखणे त्याच्या जन्मातच आहे. ज्या नायट्रेट गटांच्या जोरावर ते तयार झाले, ते उष्णता, प्रकाश आणि ओलावा यांमुळे हळूहळू सुटे होतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या रूपाने हवेत येतात. हे वायू हवेतल्या ओलाव्यात मिसळले की नायट्रिक आम्ल बनते. ते आम्ल पोलादाला आणि पितळेला खातेच, पण उरलेल्या सेल्युलॉइडचे विघटनही वेगाने घडवून आणते. टोपलीतले एक फळ नासले की त्याच्या संगतीने बाकीची नासतात. इथे मूठ स्वतःलाच नासवते आणि वर शेजारच्या चाकूंनाही सोडत नाही. उघड्या हवेत हे वायू विरून जातात. बंद, प्रकाशित, थोड्या उबदार काचेच्या कपाटात ते साचतात. संग्रह दाखवण्यासाठी आपण जी व्यवस्था सर्वांत सुरक्षित मानतो, ती सेल्युलॉइडच्या बाबतीत सर्वांत वाईट असते.

लक्षणे ओळखता येतात. कपाट उघडताच कापराचा किंवा नाकाला झोंबणारा तिखट वास येतो. मुठीच्या पृष्ठभागाखाली बारीक जाळीदार तडे दिसतात, कडा आक्रसून लायनरपासून सुटतात, कधी घामासारखे थेंब फुटतात. पात्याचा जो भाग मिटल्यावर मुठीच्या खाचेत बसतो, नेमका तेवढाच गंजलेला असतो, आणि पिनांभोवती हिरवा रंग चढतो. यांपैकी एकही खूण दिसली, तर त्या दिवशीच तो चाकू बाकीच्यांपासून वेगळा करावा, हवा खेळती राहील अशा थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा आणि पाते उघडे ठेवावे. बिघडू लागलेले सेल्युलॉइड पूर्ववत करता येत नाही. थंडाव्याने वेग तेवढा मंदावतो. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी उतरले की साधारण निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे.

प्रत्येक सेल्युलॉइडची मूठ अशी बिघडतेच असे नाही. शंभर वर्षे ठणठणीत राहिलेलेही चाकू आहेत. कोणता टिकेल आणि कोणता उद्या सुरू होईल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच संशयित मानणे बरे. मूठ सेल्युलॉइडची आहे का हे तपासण्यासाठी तापवलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. हा पदार्थ झटकन आणि भडकून पेट घेतो. १९६० नंतर बाजारात आलेल्या डेलरिनसारख्या प्लास्टिकना मात्र असे आम्लवायू सोडण्याची खोड नसते.

## कपाटाचे लाकूड आणि चामड्याचे म्यान

इंग्लंडमध्ये १८९९ साली लॉफ्टस सेंट जॉर्ज बाइन या संग्राहकाने शिंपल्यांच्या संग्रहांवर चढणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे वर्णन केले आणि तो जंतूंचा रोग असावा असे मानले. आजही त्याला बाइनचा रोग म्हणतात. पण तिथे जंतू नव्हते. शिंपले ज्या लाकडी कप्प्यांत ठेवले होते, त्या लाकडातूनच, विशेषतः ओकमधून, अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ बाहेर पडत होती, आणि शिंपल्यातले कॅल्शियम कार्बोनेट तिच्याशी संयोग पावून क्षारांची भुकटी होत होती. शिंपल्याच्या मुठीचा चाकू ओकच्या देखण्या पेटीत ठेवणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) यांतूनही अशा वाफा निघतात. काच चिकटवण्यासाठी वापरले जाणारे काही सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास सोडतात. तो वास म्हणजे अॅसिटिक आम्लच, म्हणून नवे कपाट काही आठवडे उघडे ठेवल्याशिवाय भरू नये.

संग्रहालयांनी यावर एक साधी चाचणी शोधली आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्रू ऑडी यांनी १९७३ मध्ये ती मांडली. ज्या लाकडाची किंवा कापडाची परीक्षा घ्यायची, त्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांबरोबर थोडे पाणी घालून बंद नळीत ठेवतात, ६० अंशांवर २८ दिवस तापवतात आणि पट्ट्या काळवंडल्या का ते पाहतात. घरी एवढे करणे आवश्यक नाही. पण गादीसाठी लोकरी फेल्ट घेऊ नये, कारण लोकरीतले गंधक चांदीला आणि तांब्याच्या मिश्रधातूंना काळे करते. रबरी पट्ट्यांचेही तेच. जुना फोम काही वर्षांनी चिकट होऊन मुठीला धरतो. धुतलेले, रंग न दिलेले सुती कापड या सगळ्यांपेक्षा चांगले.

चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवणे ही त्याहून जुनी चूक. चामडे ओलावा धरून ठेवते, कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात उरलेली असतात, आणि त्यातली चरबी पितळेशी संयोग पावून हिरवट मेणासारखा थर बनवते. म्यान दाखवायचे असेल तर ते चाकूच्या शेजारी ठेवावे, चाकू त्यात घालू नये.

## प्रकाशाचा हिशेब

प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते. रंगवलेल्या हाडाचा रंग एकदा उडाला की अंधारात ठेवून तो परत येत नाही; पैसे खर्च झाल्यावर पाकीट मिटून ठेवण्यासारखेच ते आहे. म्हणून संग्रहालये तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार मोजतात. तीव्रतेचे माप लक्स. अतिसंवेदनशील वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स इतका मंद प्रकाश धरला जातो, तर भर दुपारचे थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जाते. हा फरक दोन हजार पटींचा. खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप रोज तासभर मुठीवर पडत असेल, तर रोज आठ तास उघड्या असणाऱ्या संग्रहालयात २५० दिवसांत जेवढा प्रकाश खर्च झाला असता, तेवढा इथे एका दिवसात होतो. उन्हातल्या अतिनील किरणांची भर वेगळीच.

नुकसान सर्वत्र सारखे होत नाही, हे संग्राहकाला अधिक सलते. मुठीची वरची बाजू फिकी होते आणि खालची गडद राहते; चाकूला बांधणारी पट्टी किंवा चिठ्ठी असेल तर तिच्याखाली मूळ रंगाचा ठसा उरतो. अशी बेमेल मूठ पाहून जाणकार लगेच ओळखतो, की हा चाकू बरीच वर्षे मांडलेला होता. दर काही महिन्यांनी चाकू उलटा ठेवण्याने दोन्ही बाजू सारख्या फिक्या होतात, रंग वाचत नाही.

## ‘पण पाते तर स्टेनलेस आहे’

स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचे अतिशय पातळ, स्वतःच सांधले जाणारे कवच तयार होते. कवच टिकते तोवर पोलाद सुरक्षित. घामातले क्लोराइड मात्र या कवचाला जागोजागी भोके पाडते, आणि जिथे हवा नीट पोचत नाही अशा अरुंद सांध्यांत, म्हणजे पात्याच्या बिजागरीजवळ, ते सांधले जाणे अडते. शिवाय पाते स्टेनलेस असले तरी त्याच चाकूतले लायनर पितळेचे असू शकतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांचे नाव ज्या शोधाशी जोडले जाते, ते न गंजणारे पोलाद १९१३ चे आहे. त्याआधीच्या चाकूंच्या बाबतीत हा आक्षेप उद्भवतच नाही.

## ‘तेल लावून ठेवले होते की’

तेल कोणते, हा प्रश्न उरतो. वनस्पतिजन्य तेले हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतात, चिकट पिवळा थर बनतो आणि त्यात धूळ अडकते. बिजागरीत असा थर बसला की पात्याचा ‘टक्’ आवाज मंदावतो. शुद्ध खनिज तेल असे घट्ट होत नाही, पण ते आडव्या पात्यावरूनही हळूहळू ओघळते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा तरी ते पुसून नव्याने लावावे लागते. बाहेर मांडलेल्या पात्यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेण मला अधिक योग्य वाटते. असे एक मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झाले आणि ते संग्रहालयांत आजही वापरले जाते. ते न ओघळणारे असते आणि बोटांच्या ठशांपासूनही काहीसे वाचवते. बिजागरीत मात्र तेलच हवे.

## ‘उघडा ठेवला तर स्प्रिंग थकेल ना?’

ही भीती बहुतांशी निराधार आहे. पोलादी स्प्रिंग तिच्या लवचीकतेच्या मर्यादेत वाकलेली असेल, तर खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे तशी राहूनही तिचा जोर जाणवण्याइतका कमी होत नाही. पाते अर्धवट उघडून मांडण्याची मात्र एक हौस असते, कारण तसा चाकू छायाचित्रात छान दिसतो. त्या अवस्थेत स्प्रिंग जास्त वाकलेली असते, आणि आतल्या बाजूला गंजाचा खड्डा पडला असेल तर जुनी स्प्रिंग तिथूनच तुटू शकते. पूर्ण उघडा किंवा पूर्ण मिटलेला, हे दोनच पर्याय ठेवावेत.

## डाग घासून काढावा का?

जुन्या कार्बन पोलादावर येणारी निळसर करडी छटा आणि लाल गंज यांत फरक आहे. करडी छटा घट्ट चिकटून राहते आणि खालच्या पोलादाला काही प्रमाणात झाकते. लाल गंज सच्छिद्र असतो, ओलावा धरतो आणि सुटून पडत खाली नवे पोलाद उघडे करतो. पहिलीला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्यावर तेलाचा थेंब टाकून एक दिवस थांबावे आणि मऊ कापडाने किंवा टोकदार केलेल्या लाकडी काडीने सुटेल तेवढाच काढावा. पॉलिशची पेस्ट आणि चाक यांनी पाते लखलखीत होते. पण कारखान्यात उमटलेल्या घासणीच्या बारीक रेषा आणि उत्पादकाची छाप त्याबरोबर झिजते, आणि असा लखलखीतपणा जाणकाराला डागापेक्षा अधिक खटकतो.

ठिपका जुना आणि निवलेला आहे की वाढतो आहे, हे नुसत्या डोळ्यांनी आठवणीवर ठरवता येत नाही. एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून, दर तीन महिन्यांनी त्याचा फोटो काढून ठेवावा. तीन-चार फोटोंत तो जसाच्या तसा राहिला तर पाते पुसून मेण लावून सोडून द्यावे. वाढत असेल तर पाते घासण्याआधी आर्द्रतामापक पाहावा, आणि तोही ठीक असेल तर त्या चाकूच्या शेजारी कोणत्या मुठीचा चाकू ठेवला आहे ते पाहावे.